ॲक्वापोरिने
कोशिकांच्या (पेशींच्या) पटलातून पाण्याचे रेणू जलद आत-बाहेर जाऊ देणाऱ्या, परस्परांशी नाते असलेल्या प्रथिनांचा समूह. जीवाणू, वनस्पती व प्राणी यांत ही प्रथिने आढळतात. मानवात त्यांचे १३ प्रकार आहेत.

कोशिकापटल मुख्यतः मेदद्रव्याच्या दुहेरी थराचे असते. त्यातून पाणी थोडेफार झिरपते, म्हणून त्यासाठी वेगळ्या मार्गाची आवश्यकता नसावी, असे अनेक शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. तथापि रक्तातील तांबड्या कोशिकांत पाणी ज्या वेगाने शिरते, त्याचा उलगडा केवळ झिरपण्याने होत नव्हता. पाऱ्याच्या संयुगांमुळे हा वेग पुष्कळ घटतो, असे १९७० मध्ये आढळले. पारा प्रथिनांशी सहज बद्ध होत असल्याने हा मार्ग प्रथिनाचा असावा, या अनुमानाला बळकटी आली. रूमानियातील घेऑर्गे बेंगा यांनी १९८६ मध्ये किरणोत्सर्गी पाऱ्याच्या साहाय्याने या प्रथिनाचा माग काढला. या कार्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांना १९८८ मध्ये ऱ्हीसस रक्तगटाचा अभ्यास करताना सु. २८,००० रेणुभाराचे एक प्रथिन अनपेक्षितपणे मिळाले. त्याचा संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंडकोशिकांत घालून त्या विरल विद्रावात ठेवल्या असता काही मिनिटांतच फुगून फुटल्या. इतर अंडकोशिका मात्र जशाच्या तशा राहिल्या. हा निर्णायक प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन यांच्यासमवेत मिळाले.

या प्रथिनाचे चार रेणू एकत्र राहतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र मार्ग असतो. प्रत्येक रेणूची साखळी पटलातून सहा वेळा आरपार जाते. साखळीचे दोन अर्धभाग एकमेकांसारखे, परंतु उलटसुलट बसलेले असतात. ॲस्परजीन, प्रोलीन व ॲलॅनीन या ॲमिनो अम्लांचा क्रम बहुतेक सर्व प्रकारांत दोनदा येतो व ती या कुलाची खूणच होय. मार्ग अत्यंत अरुंद ठिकाणी सु. ०·२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढाच असतो. तरीही त्यातून सेकंदाला अब्जावधी रेणू एकापाठोपाठ जातात. याहून नवलाची गोष्ट म्हणजे प्रोटॉन अडविले जातात. एरवी पाण्याच्या रेणूंच्या सलग साखळीवरून प्रोटॉन सहज पुढे सरकतात. येथे मध्यभागी प्रत्येक रेणूची दिशा पालटल्याने ती साखळी तुटते. तसेच मार्गातील धन विद्युत् भारही त्यांना दूर सारतो. असे नसते, तर पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरक व त्यावर अवलंबून असलेली ऊर्जानिर्मिती टिकली नसती. काही प्रकार ग्लिसरॉलासही वाट देतात.

मानवी वृक्कांत (मूत्रपिंडांत) दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो. मूत्र मात्र १ ते २ लि. होते. बाकीचे पाणी मुख्यतः या मार्गांनी रक्तात परतते. शरीरात पाणी कमी पडल्यास व्हॅसोप्रेसीन या हॉर्मोनामुळे कोशिकेत राखून ठेवलेले ॲक्वापोरीन-२ पटलावर येते. त्याच्या जनुकात दोष असल्यास जन्मतःच बहुमूत्रमेह होतो. तान्ह्या मुलाला तहान सांगता येत नसल्याने निर्जलीभवनाचा धोका विशेष असतो. ॲक्वापोरीन-० मधील दोषामुळे जन्मजात मोतीबिंदू होतो, तर मेंदूतील ॲक्वापोरीन-४ विरुद्ध शरीरानेच निर्माण केलेली प्रतिपिंडे दृक्‌तंत्रिका व मेरुरज्जू यांना इजा करतात.