सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा मुंबईतील पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद आहे. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) तो २००६ साली स्थापन केला. भारतातील हा पहिला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मानला जातो.

पार्श्वभूमी

मुंबईला असे संगीत नवे नव्हते. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. विख्यात संगीत संचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र. शहरात स्वरलिपी वाचून वाजवणाऱ्या कलावंतांचा मोठा भरणा गोव्याचा होता. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांतून हे शिक्षण मिळत असे. यांतील अनेक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थिरावले. त्यांपैकीच एक, संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस, यांनी १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि सिंफनी यांची सांगड घालणारा वाद्यवृंद उभा केला होता. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांनी गायन केले. तथापि, वादकांना नियमित वेतन देऊन वर्षभर सराव करवून घेणारी संस्था मात्र उभी राहिली नव्हती.

स्थापना व रचना

एनसीपीएचे अध्यक्ष खुश्रू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांचे वादन लंडनमध्ये ऐकले आणि त्यांना मुंबईस आमंत्रित केले. या परिचयातून वाद्यवृंदाची कल्पना आकारास आली व बिसेनगालियेव संगीत संचालक झाले. झेन दलाल हे सहयोगी संगीत संचालक म्हणून काम पाहू लागले.

वादकांचा एक गाभा मुंबईत वर्षभर राहतो, सराव व अध्यापन करतो आणि छोट्या चमूने कार्यक्रम सादर करतो. मुख्य हंगाम वर्षातून दोनदा, साधारणतः फेब्रुवारी व सप्टेंबर महिन्यांच्या सुमारास, होतो. त्या वेळी परदेशातून अतिरिक्त वादक बोलावून पूर्ण वाद्यवृंद सिद्ध केला जातो. यांत कझाकस्तानी वादकांचे प्रमाण लक्षणीय राहिले असून, भारतीय वादक तुलनेने थोडे असल्याबद्दल टीकाही होते. ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न यांसारख्या वाद्यांचे उच्च शिक्षण भारतात जवळपास उपलब्ध नसणे, हे त्याचे प्रमुख कारण होय. यावर उपाय म्हणून २०१२ साली संगीत अकादमी सुरू करण्यात आली. वाद्यवृंदातील वादक तेथे मुलांना वाद्यवादनासोबत संगीतशास्त्र, स्वरवाचन व समूहवादन शिकवतात. व्यावसायिक वादक घडण्यास दहा-पंधरा वर्षे लागत असल्याने या उपायाचे फळ सावकाशच मिळणारे आहे.

कार्यक्रम

प्रमुख कार्यक्रम जमशेद भाभा नाट्यगृहात होतात. सिंफनींबरोबरच पुच्चिनी यांच्या ‘तोस्का’ व ‘ला बोएम’ या ऑपेरांचेही प्रयोग झाले आहेत. वाद्यवृंदाने मॉस्को (२०१०) आणि स्वित्झर्लंड (२०१६) येथे वादन केले. २०१९ साली ब्रिटनचा दौरा केला.

या दौऱ्यात झाकिर हुसेन यांची ‘पेशकार’ ही तबला व वाद्यवृंदासाठीची रचना सादर झाली. वाद्यवृंदाने त्यांच्याकडून ती मुद्दाम करवून घेतली होती आणि २०१५ साली तिचे पहिले सादरीकरण मुंबईत झाले होते. एकल तबलावादनाच्या आरंभी ज्याचा विस्तार केला जातो, त्या पेशकारावरून तिला हे नाव मिळाले. वाद्यवृंदातील वादक लिहिलेल्या स्वरलिपीबाहेर जात नाहीत, तर तबलावादक ऐनवेळी बोल विस्तारत जातो. या दोन पद्धतींचा मेळ घालणे हेच या रचनेतील खरे आव्हान होते.