अर्धं भरलेलं पोतं
हलती रेघ : लेखांक ४

गेल्या आठवड्यातला चेंडू एव्हाना आपटून वर यायला लागला असेल. माथ्यावर चित्रं दाटीवाटीनं आणि जमिनीजवळ लांबलांब, एवढं साधलं की चेंडूचं काम झालं. पण चेंडूला मन नसतं. तो रुसत नाही, दमत नाही, कुणाची वाट बघत नाही. म्हणून आज पोतं घेऊ.

डिस्नेच्या स्टुडिओत नव्या चित्रकाराला पिठाचं अर्धं भरलेलं पोतं काढायला देत. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी 1981 साली ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातही हे पोतं आहे. त्याला नाक, डोळे, तोंड काही नाही. असतात ते चार कोपरे. वरच्या दोन कोपऱ्यांचे हात किंवा खांदे होतात, खालच्या दोन कोपऱ्यांचे पाय. मधला भाग वाकला की पोतं खचलेलं दिसतं, ताठला की ऐटीत उभं राहतं. चेहरा काढता येत नाही म्हणून अडणाऱ्यांनी हा धडा आधी गिरवावा. भाव आधी कण्यात येतो, भुवया मागून येतात.

पोतं अर्धंच भरलेलं का? गच्च भरलेलं पोतं म्हणजे ठोकळा, आणि रिकामं म्हणजे नुसतं गोणपाट. अर्ध्या पोत्यात आतला माल इकडून तिकडे सरकतो. ते उडी मारतं तेव्हा पीठ मागं राहतं. जमिनीला टेकलं की पीठ खाली बसतं, पोटाचा घेर वाढतो, वरचं तोंड मात्र क्षणभर तसंच वर राहतं आणि मग लवंडतं. इथं सांभाळायची गोष्ट एकच : आतला माल कमीजास्त होता कामा नये. दबलं तर रुंद व्हावं, ताणलं तर बारीक व्हावं. रुंद झालं आणि उंचीही तेवढीच राहिली, तर बघणाऱ्याला ते फुगा वाटतं आणि वजन गेलंच.

आपल्या संकेश्वरात पोत्याला तोटा नाही. गावाजवळच हिरण्यकेशी साखर कारखाना आहे, आणि संकेश्वरी मिरचीनं तर गावाचं नाव लांबवर नेलं. साखरेचं पोतं 50 किलोचं. सुक्या मिरचीचं पोतं दिसायला त्याच्याहून मोठं, पण आकाराच्या मानानं बरंच हलकं. हातात कागद घेऊन बाजारात तासभर उभे राहा आणि दोन्ही पोती उचलणाऱ्या हमालांकडे बघा.

साखरेचं पोतं उचलताना माणूस आधी खाली जातो. पाय फाकतात, गुडघे मोडतात, बोटं कोपऱ्यात रुततात. मग एक विलक्षण क्षण येतो. माणूस हलत असतो, पण पोतं हलत नाही. कोपर सरळ होतात, पाठ ताणते, मान आखडते आणि पोतं जागचं ढिम्म हलत नाही. त्यानंतर ते जमीन सोडतं. सगळं वजन या थांबण्यात आहे. नवशिका नेमका हाच क्षण गाळतो. त्याच्या पहिल्या चित्रात हात पोत्याला लागलेला असतो आणि दुसऱ्यात पोतं हवेत. मग पोत्यावर कितीही मोठ्या अक्षरात ‘50 किलो’ लिहिलं तरी त्यात कापूस भरलाय असंच वाटतं.

आता आकड्यात बघू. सेकंदाला 24 चौकटी आणि एक चित्र दोन चौकटी, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. साखरेच्या पोत्यासाठी वाकायला सहा चित्रं द्या, ताण घ्यायला आठ. या आठांत पोत्याची रेघ तीच राहील, अंग मात्र चित्रागणिक केसभर सरकेल. मग उचलायला पाच. त्यातही सुरुवातीची चित्रं जवळजवळ, पुढची लांब. पोतं वर आलं की थांबवू नका. ते थोडं पुढं झोल खातं, माणूस त्याच्या उलट बाजूला कलतो, एक पाऊल मागं टाकतो आणि मग स्थिर होतो. मिरचीच्या पोत्याला हा थाटमाट नको. वाकायला तीन, ताणाला एक, उचलायला चार, झालं. हे आकडे काही शास्त्रात लिहिलेले नाहीत. करून बघा, पटले नाहीत तर बदला.

मिरचीच्या पोत्याची आणखी एक खूण आहे. उचलताना माणूस तोंड फिरवतो. ठसका बसायच्या भीतीनं डोळे बारीक करतो, हनुवटी खांद्यात खुपसतो. वजनाशी त्याचा काही संबंध नाही, पण पोत्यात काय आहे ते न लिहिता कळतं. माझ्या मते अभिनय म्हणतात तो हाच. हातवारे वाढवून तो येत नाही; त्या वस्तूशी त्या माणसाचं काय नातं आहे, ते रेघेत उतरलं की येतो.

आपल्याकडे हे काम शिकवणारा माणूस डिस्नेहूनच आला होता. क्लेअर वीक्स मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेले. पुढे अमेरिकेत त्यांनी डिस्नेकडे काम केलं. 1956 साली ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. तिथं शिकलेल्यांत राम मोहन होते. पुढे त्यांना भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणू लागले. 1957 चा ‘द बनियन डिअर’ त्या विभागाचा. अर्थात मराठी माणूस त्याआधीच या नादाला लागला होता. फाळक्यांनी 1915 च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. 1929 साली कोल्हापुरात निघालेली प्रभात कंपनी पुण्याला गेली आणि 1934 मध्ये तिनं ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला. आपल्यापासून कोल्हापूर किती लांब, हे हायवेच्या कडेला राहणाऱ्यांना मी काय सांगणार!

वजनाचा विषय निघालाच आहे तर विजया मुळे यांचा 1974 चा ‘एक अनेक और एकता’ पुन्हा बघा. दूरदर्शनच्या पिढीला तो पाठ आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीनं जाळंच घेऊन उडतात. यावेळी गाण्याकडे कान देऊ नका, आवाज बंद करून फक्त जाळ्याकडे बघा.

सामानाची काळजी नको. जुन्या खिडकीची काच दोन विटांवर ठेवा, खाली एलईडीचा दिवा लावा, काचेवर पातळ कागद घाला, झाली प्रकाशपेटी. काचेच्या कडांना चिकटपट्टी मात्र आठवणीनं लावा, नाहीतर बोट कापेल. सगळ्या कागदांना एकाच पंचनं दोन भोकं पाडा आणि त्या भोकांच्या मापाचे दोन लाकडी खुंटे एका पट्टीवर पक्के बसवा. खुंटे हलले की चित्रातलं अख्खं जग थरथरतं. मग दोष हाताला दिला जातो. चित्रं काढताना कागद बोटांत धरून मागंपुढं पलटत राहा. मोबाइलवर टिपून बघायच्या आधी चूक या पलटण्यातच सापडते.

आधी मुख्य मुद्रा काढा : उभा, वाकलेला, ताणलेला, उचललेला, स्थिरावलेला. या पाचांत गोष्ट कळली नाही तर मधली चित्रं भरून उपयोग नाही. त्यानं चूक फक्त गुळगुळीत होते. कागदाच्या कोपऱ्यात उभी रेघ ओढून मधल्या चित्रांच्या खुणा करा. खुणा जिथं दाट, तिथं चाल मंद. जिथं विरळ, तिथं वेगवान. हा तक्ता आधी आणि चित्रं नंतर.

या आठवड्याचा अभ्यास : एकच माणूस, एकाच आकाराची दोन पोती, एकात साखर, दुसऱ्यात मिरची. माणसाला चेहरा काढायचा नाही, पोत्यावर काही लिहायचं नाही. झाल्यावर घरातल्या कुणालाही दाखवा आणि कुठलं पोतं कशाचं ते विचारा. उत्तर चुकलं तर चित्रं तशीच ठेवा, ताणाची दोन वाढवा आणि पुन्हा दाखवा. पुढच्या लेखांकात हाच माणूस पोतं पाठीवर घेऊन चालू लागेल. तोपर्यंत रिकाम्या हातानं चालणाऱ्यांचे पाय बघून ठेवा, विशेषतः मागच्या पायाची टाच जमीन सोडते तेव्हा कंबर कुठं असते ते.