लॅपटॉप कंपनीचा, संभाषण कोणाचे?

ऑफिसच्या नेटवर्कवर लक्ष ठेवले जाते, आणि काही अंशी ते ठेवावेच लागते. एका कर्मचाऱ्याने बनावट ईमेलमधल्या लिंकवर बोट ठेवले, तर साऱ्या संस्थेच्या फायली खंडणीखोरांच्या ताब्यात जाऊ शकतात. संस्था बँक किंवा रुग्णालय असेल, तर त्याची झळ खातेदारांना आणि रुग्णांनाही बसते. तेव्हा आयटी विभागाने डोळे मिटून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण नेटवर्कची राखण करणे आणि माणसाचे खासगी बोलणे वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी मिळालेली मुभा दुसऱ्यासाठी सर्रास वापरली जाते, आणि ‘लॅपटॉप कंपनीचा आहे’ एवढ्या एका वाक्यावर ते खपून जाते.

हा फरक तांत्रिकदृष्ट्याही स्पष्ट आहे. ऑफिसच्या वायफायवरून तुम्ही एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, कोणत्या साइटशी किती डेटाची देवाणघेवाण झाली, याची नोंद फायरवॉलमध्ये राहते. पत्त्याच्या पट्टीत ‘एचटीटीपीएस’ असेल, तर साइटचे नाव सहसा कळते, पण पानावर काय वाचले, काय लिहिले हे कळत नाही. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र हे कवच काढून ठेवता येते. आयटी विभाग त्यात आपले स्वतःचे प्रमाणपत्र बसवतो. मग मधला सर्व्हर मजकूर उलगडतो, तपासतो आणि पुन्हा कुलूपबंद करून पुढे पाठवतो. ब्राउझर काहीच तक्रार करत नाही. प्रमाणपत्राचा तपशील उघडून पाहिला आणि ते देणाऱ्याच्या जागी आपल्याच कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे नाव दिसले, तर मधे कोणीतरी बसले आहे असे समजावे. इन्कॉग्निटोचा इथे उपयोग नाही. त्याने फक्त त्या संगणकावर इतिहास उरत नाही, आणि तुमच्या हालचाली ऑफिसला किंवा शाळेला दिसू शकतात, हे क्रोम स्वतःच त्या खिडकीत सांगतो. स्क्रीनचे फोटो काढणारे किंवा कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्येच असेल, तर नेटवर्कपर्यंत जायचीही गरज उरत नाही.

मालकी हाच शेवटचा शब्द आहे का, याचा कस रुमानियातल्या एका खटल्यात लागला. बुखारेस्टच्या एका खासगी कंपनीने विक्री विभागातल्या एका अभियंत्याला ग्राहकांसाठी याहू मेसेंजरवर खाते उघडायला सांगितले होते. जुलै 2007मध्ये आठ-नऊ दिवस त्याच्या संभाषणावर पाळत ठेवण्यात आली. ‘मी हे खाते फक्त कामासाठी वापरले,’ असे त्याने लेखी कळवताच कंपनीने त्याच्यापुढे 45 पानांची प्रत ठेवली. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेल्या गप्पा होत्या, प्रकृतीच्या आणि शरीरसंबंधांच्या गोष्टींसह. नोकरी गेली. रुमानियाच्या न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली, आणि 2016मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या छोट्या पीठानेही तेच केले. मात्र 5 सप्टेंबर 2017 रोजी मोठ्या पीठाने 11 विरुद्ध 6 मतांनी निकाल फिरवला. कामाच्या ठिकाणचे माणसाचे खासगी आयुष्य मालकाच्या हुकमाने शून्यावर आणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि कसोट्या घालून दिल्या: आधी सूचना दिली होती का, नुसती देवाणघेवाण पाहिली की मजकूर वाचला, त्यामागे सबळ कारण होते का, आणि कमी शिरकाव करून तेच साधले असते का.

यावर पहिला आक्षेप ‘त्याने सही केली होती’ हा असतो. त्याची सही होतीच, पण ती खासगी वापराला बंदी असल्याच्या नियमावर. आपले संदेश वाचले जातील, हे त्याला आधी स्पष्ट सांगितल्याचे दिसले नाही. दुसरा आक्षेप वेळेच्या चोरीचा. पगार घेऊन दिवसभर गप्पा मारणाऱ्याला जाब विचारायलाच हवा, पण तो झालेल्या किंवा न झालेल्या कामाचा. त्यासाठी गप्पांचा मजकूर लागत नाही. कामावर नावानिशी नजर ठेवणेही टिकले नाही: मायक्रोसॉफ्टने 2020मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ या सेवेत कर्मचाऱ्यांची नावे दाखवली, टीका झाल्यावर डिसेंबरात ती काढली आणि संस्थेपुरते एकत्रित आकडे ठेवले. तिसरा आक्षेप नेहमीचा: लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली? समजा, एखादी कर्मचारी वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार लिहिते आहे. आपल्याकडचा 2013चा लैंगिक छळविरोधी कायदा ती तक्रार गुप्त ठेवायला सांगतो. तिच्या स्क्रीनचे फोटो त्याच वरिष्ठापर्यंत पोहोचत असतील, तर त्या गुप्ततेला काय अर्थ राहिला?

शाळेत तर नकार द्यायची ताकदच नसते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शालेय विभागाने सुमारे 2,300 विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. चोरी झाल्यास शोध घेता यावा म्हणून बसवलेल्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्यातून आणि स्क्रीनवरून 66,000हून जास्त प्रतिमा टिपल्या, काही मुलांच्या घरातल्या. प्रकरण 2010मध्ये 6,10,000 डॉलर देऊन मिटवावे लागले. हेतू चोरी रोखण्याचा होता, पण मर्यादा कोणी आखली नव्हती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तरी तो मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना डेटा वापरायची मुभा देतो. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या आयटी कर्मचाऱ्याला म्हणूनच कायद्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. काय पाहिले जाते, मजकूर केव्हा उघडला जातो, तो कोण उघडतो आणि नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात, ही चार उत्तरे रुजू होतानाच लेखी मागावीत. राखणच करायची असेल, तर ही उत्तरे देण्यात कोणत्याही कंपनीचे काही बिघडत नाही. ती मिळेपर्यंत खासगी कामे आपल्या फोनवर, आपल्या डेटावर करणे शहाणपणाचे.