शाळेतल्याही नांग्या भरायला हव्यात

कपाशी उगवून आली की आपण आठवडा-दहा दिवसांत नांग्या भरून घेतो. उशीर झाला तर मागून लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत दबून जाते. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण शाळेत पडलेल्या नांग्या पोर सातवीत गेले तरी आपल्या ध्यानात येत नाहीत. मला त्या दिसल्या त्या एका बिघडलेल्या कपाशीच्या रानात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बीड जिल्ह्यातला एक शेतकरी सकाळीच कार्यालयात आला. म्हणाला, "साहेब, कपाशीची पानं भेंडीवानी झालीत. काय रोग पडला बघा." रानात जाऊन पाहिले. रोग नव्हता. कपाशीवर २,४-डी हे तणनाशक पडले होते. ज्वारीतल्या तणासाठी आणून उरलेली ती बाटली कीटकनाशकाच्या बाटलीशेजारीच ठेवलेली होती. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. फवारणीआधी त्याने सातवीतल्या मुलाला विचारले आणि मुलाने "हीच ती" म्हणून सांगितले होते.

मी ती बाटली मुलापुढे धरली. "बाळ, वाच बरं काय लिहिलंय." त्याने बोट ठेवून पहिले अक्षर लावले, दुसरे लावले, जोडाक्षर आले आणि थांबला. बापाचा हात उठला, तो मी धरला. पण दुसऱ्या दिवसापासून पोरगा शाळेत गेला नाही. "मी आता कोयत्यावरच जातो," म्हणाला.

औषधाची बाटली पोराच्या भरवशावर उघडू नये, हे मी बापाला बजावलेच. पण माझेही चुकले होते. इतकी वर्षे मी मेळाव्यांतून घडीपत्रिका वाटल्या. त्या घरात वाचणार कोण, हे एकदाही विचारले नव्हते.

हे घडते कसे?

पोर मंद नव्हते. तिसरीत आणि चौथीत ते आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले होते. दिवाळीनंतर गाव सोडायचे ते पाडव्याच्या सुमारास परतायचे. तेवढ्यात वर्गात जोडाक्षरे झाली, भागाकार झाला. नाव हजेरीपटावर राहिले, वर्ग पुढे सरकत गेले, पाया मात्र कच्चाच राहिला. मुख्याध्यापक म्हणाले, "मागच्या चौघांसाठी थांबलो तर पुढची मुलं खोळंबतात. पुढे गेलो तर हे चौघं सुटतात." त्यांचे खोटे नव्हते. शिक्षकाला जोडीला माणूस हवे होते.

ताईने काय केले?

गावात बारावी झालेली एक सून होती. शाळा व्यवस्थापन समितीने तिला विचारले. गावाने वर्गणीतून थोडे मानधन ठरवले. मुले तिला ताई म्हणू लागली. पहिल्या दिवशी तिने एकेकाला बाजूला घेऊन चार ओळी वाचायला दिल्या आणि कोण कुठे अडतो ते टिपून ठेवले. मग रोज एक तास, जिथे अडले तिथून पुढे. बारा-तेरा वर्षांच्या पोराला पहिलीचे पुस्तक घ्यायची लाज वाटते. म्हणून तिने खताच्या रिकाम्या पिशव्या, एस.टी.च्या पाट्या, वर्तमानपत्राचे मथळे वाचायला घेतले. गणितही रानातलेच. ४० गुंठ्यांचा एक एकर, तर अडीच एकरांचे गुंठे किती? एका पंपाला ३० मिली औषध, तर ८ पंपांना किती?

बाकीच्या वेळी ती वर्गात मागच्या बाकाजवळ बसे. गणित सोडवून देत नसे, "आता पुढं काय?" एवढेच विचारी. पोर गैरहजर दिसले की त्याच संध्याकाळी घरी जाई. या मुलासाठी तिने चार खेपा घातल्या. घरात ऐकलेली गोष्ट मात्र तिने कधी चावडीवर नेली नाही.

असे काम आधीही झालेले आहे. मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने वस्तीतल्याच तरुणी 'बालसखी' म्हणून नेमल्या होत्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुले रोज सुमारे दोन तास त्यांच्याकडे असत. २००१ ते २००३ या काळात अभ्यासकांनी या कामाची पाहणी केली. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यांत होते. मुले सुधारली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना अधिक फायदा झाला, असे त्यांना आढळले.

गावाने काय करावे?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयानुसार वर्गात दाखल केलेल्या मुलाला बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्यात दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तेव्हा हा विषय मांडणे तुमच्याच हाती आहे. ताई नेमलीत तर तिला शाळेच्या कारकुनीला जुंपू नका, तिचे मानधन थकवू नका. तोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी.

त्या वर्षीची कपाशी गेली ती गेलीच. पोरगा मात्र कोयत्यावर न जाता आजीजवळ राहिला. पुढच्या खरिपात मी गेलो तेव्हा त्याने बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवला, अडखळत, पण शेवटपर्यंत. "भागाकार अजून कच्चा हाय," असे आपणहून सांगितले. बाप शेजारी उभा राहून ऐकत होता.

आज रात्री जेवणे झाली की आपल्या पोराला खताच्या पिशवीवरच्या चार ओळी वाचायला सांगा. अडले तर रागावू नका. कुठे अडले तेवढे पाहून ठेवा. नांगी तिथेच आहे.