चार्जरवरील आकडा आणि गाडीची ग्रहणशक्ती

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील एखाद्या फूड मॉलच्या आवारात सुटीच्या दिवशी घटकाभर थांबून विद्युत् मोटारींच्या चार्जरभोवती चाललेले बोलणे जो लक्षपूर्वक ऐकेल, त्याच्या ध्यानी एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. यंत्रावर ६० किलोवॅट असे ठळक अक्षरांत लिहिलेले असताना पडद्यावर २८ च का दिसतात, या एकाच प्रश्नातून बहुतेक तक्रारींचा उगम होतो, आणि पुढे त्याच प्रश्नाला चार्जर चालविणाऱ्या कंपनीच्या सचोटीपासून बॅटरीच्या आयुष्यापर्यंत नाना शंकांचे फाटे फुटत जातात. नवी गाडी घेऊ इच्छिणारा गृहस्थ कित्येकदा अशा ऐकीव शंकांच्या भरवशावरच आपला निर्णय करून टाकतो. म्हणून त्यांची वस्तुस्थितीशी रुजुवात करून पाहणे मला अगत्याचे वाटते.

चार्जरवर लिहिलेला आकडा ही त्या यंत्राची कमाल मर्यादा असते, ती गाडीला दिलेली हमी नव्हे. प्रत्यक्षात किती प्रवाह घ्यावयाचा हे गाडी ठरविते आणि यंत्र तिच्या मागणीहून अधिक काही देत नाही. त्यामुळे ५० किलोवॅटपर्यंतच घेऊ शकणारी गाडी १२० किलोवॅटच्या यंत्राला लावली तरी तिला ५० च मिळणार, आणि १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकणारी महिंद्राची ७९ युनिटांची बॅटरी असलेली गाडी ६० च्या यंत्रावर ६० तच भागवून घेणार. यात आणखी एक बाब आहे, जिची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. गाडीला जोडावयाच्या गनच्या केबलमधून जाऊ शकणाऱ्या प्रवाहालाही मर्यादा असते. ती २०० अँपिअर असेल आणि बॅटरीचा विद्युत्दाब ३५० व्होल्ट असेल, तर दोहोंचा गुणाकार ७० किलोवॅटच भरतो, मग यंत्रावर १२० लिहिलेले असो की १८०. शिवाय पुष्कळ यंत्रांना दोन गन असतात आणि दोन्ही गाड्या लागताच यंत्राची शक्ती त्यांच्यात वाटली जाते. मघाच्या त्या २८ किलोवॅटचे रहस्य बहुधा शेजारी उभ्या असलेल्या गाडीत सापडते.

दुसरा समज वेळेचा आहे, आणि सर्वांत अधिक खोळंबा त्यानेच होतो. वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात भरली, तेव्हा उरलेले वीस टक्के आणखी दहा मिनिटांत भरतील, असा त्रैराशिक हिशेब पुष्कळ जण मनाशी मांडतात. बॅटरीचे रसायन मात्र या त्रैराशिकाला जुमानीत नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन ऋणाग्रातील ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. थर रिकामे असेपर्यंत त्यांचा प्रवेश सुकर असतो, परंतु जागा भरत आल्यावर त्याच वेगाने त्यांना रेटले, तर ते आत न शिरता धातुरूपाने पृष्ठभागावर साचू लागतात आणि बॅटरीची कायमची हानी होते. ही हानी टाळण्यासाठी गाडीतील नियंत्रक ऐंशीच्या आसपास प्रवाह क्रमाक्रमाने उतरवू लागतो, आणि अखेरच्या काही टक्क्यांत तर जलद चार्जरचा वेग घरच्या चार्जरच्या जवळपास येऊन ठेपतो. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागणे यात नवल काहीच नाही.

यावर पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाचे उत्तर ठरलेले असते, की पुढे खंडाळ्याचा घाट आहे, तेव्हा शंभर टक्के करून घेतलेले बरे. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची सुमारे साडेपाचशे मीटर आहे. दीड टन वजनाची गाडी एवढी वर उचलण्यास लागणारी ऊर्जा सव्वादोन युनिट भरते, आणि यंत्रणेतील व्यय धरला तरी ती तीन युनिटांच्या आसपास राहते. चाळीस युनिटांच्या बॅटरीत हे प्रमाण सात-आठ टक्क्यांचे झाले. उतरताना त्यातील काही भाग परतही मिळतो; मात्र बॅटरी काठोकाठ भरून उतारास लागणाऱ्या गाडीला तो साठविण्यास जागाच नसते, म्हणून लोणावळ्याहून मुंबईकडे येताना शंभर टक्के भरून निघणे हे उलट तोट्याचे ठरते.

जलद चार्जिंगने बॅटरी अल्पावधीत निकामी होते, या भीतीत सत्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. बॅटरीचा खरा वैरी उष्णता होय. वैशाखातील दुपारी शंभर किलोमीटर वेगाने धावून आलेली तप्त गाडी लगेच मोठ्या प्रवाहाला जोडली, तर तापमान चढते. परंतु आजच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी शीत राखण्यासाठी द्रवाची योजना असते आणि तीही अपुरी पडू लागली, तर नियंत्रक स्वतःच प्रवाह घटवितो. बारमाही केवळ जलद चार्जरवरच विसंबणाऱ्या गाडीची झीज काहीशी अधिक होणार, हे मान्य केले पाहिजे. पण एरवी घरी चार्ज करून महिन्यातून दोन-तीन लांबच्या प्रवासांत जलद चार्जर वापरणाऱ्याने या चिंतेत झोप घालवू नये. गाडी सावलीत लावण्याची सोय असेल तर मात्र ती अवश्य साधावी.

पावसात गनला हात लावणे धोक्याचे आहे, ही भीती गन लावल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात काय घडते हे ठाऊक नसल्यामुळे टिकून आहे. गन खाचेत बसताच प्रथम खट् असा आवाज होऊन तिचे कुलूप पडते. या क्षणी मुख्य तारांत विद्युत्प्रवाह मुळीच नसतो. मग गाडी आणि यंत्र यांच्यात सूक्ष्म संकेतांची देवघेव होते, गाडी आपला दाब आणि आपली मर्यादा कळविते, यंत्र केबलमधून कोठे गळती होत नाही ना याची परीक्षा घेते, दोन्हींकडील दाब समान करून घेते, आणि हे सर्व सुरळीत पार पडले तरच गाडीच्या पोटातील जाड संपर्क मिटून प्रवाह सुरू होतो. यांतील एकही पायरी चुकली, तर यंत्र काम बंद करते. केबल फाटलेली किंवा गनचे तोंड तडकलेले दिसले, तर मात्र तिला स्पर्शही करू नये. ही खबरदारी उन्हाळ्यातही तितकीच आवश्यक आहे.

एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर चालत नाही, हा समज आता सोडून द्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व नव्या मोटारींना सीसीएस-२ हीच खाच असते. टाटा पॉवरच्या यंत्रावर महिंद्राची किंवा एमजीची गाडी निर्वेध चार्ज होते. चार्जर उभारण्यास वीजवितरणाचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला असल्यामुळे हॉटेलवाल्यापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत कोणासही हा व्यवसाय करण्याची मुभा आहे. या मुभेचीच दुसरी बाजू म्हणजे प्रत्येकाचे ॲप वेगळे आणि पैसे भरण्याची तऱ्हा वेगळी. ही गैरसोय खरी आहे आणि तिच्याविषयीची तक्रार सर्वस्वी रास्त आहे. तूर्त उपाय एवढाच, की निघण्यापूर्वी आपल्या मार्गावरील दोन-तीन ॲप घेऊन त्यांत थोडी रक्कम भरून ठेवावी आणि नियोजित चार्जर बंद निघाला तर पुढचा गाठता येईल एवढी शिल्लक बॅटरीत राखावी.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. सार्वजनिक जलद चार्जरचा दर युनिटला २० रुपये धरला, तर २४ युनिटांचे ४८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ५६६ रुपये होतात, आणि तेवढ्यात गाडी दीडशे किलोमीटर जाते. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीस तेवढ्यासाठी १० लिटर म्हणजे हजाराहून अधिक रुपये मोजावे लागतात. बिलावर २६ युनिट आणि गाडीच्या पडद्यावर २४ दिसले, तर ती लबाडी समजू नये. काही वीज उष्णतेत जाते, काही बॅटरी थंड राखण्यात खर्ची पडते, आणि आत बसून एसी चालू ठेवला असेल तर तिसरा वाटेकरी आपणच असतो.

वाचकांपाशी एकच मागणे आहे. पुढच्या मुक्कामापुरती वीज भरली, की शंभराची वाट न पाहता चार्जिंग थांबवावे, गन जमिनीवर न टाकता तिच्या जागी नीट अडकवावी आणि गाडी तेथून हलवावी. रांगेतला माणूस त्याच गनसाठी थांबलेला असतो.