ससा आळशी नाही, फरशी गुळगुळीत आहे

यवतमाळहून मी परत तुमच्या कानात. आणि ज्यांनी इयरफोन घरी विसरून हे वाचायला घेतलंय, त्यांचंही स्वागत.

वणीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: "ताई, आमचा ससा दिवसभर निस्ता पडून राह्यते. खाते अन् झोपते. याले खेळवाव तरी कसं?" माझ्या घरीही असाच एक नमुना आहे. नाव मठ्ठा. ताकासारखा पांढरा म्हणून, आणि दुसऱ्या अर्थानंही.

माझा पहिला प्रश्न असा, की तुम्ही त्याला बघता कधी? ससा हा पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा प्राणी. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात तो पाय पसरून पडला असेल, तर ती त्याची रात्र चालू आहे. कॉलेजला जाताना आणि जेवायला घरी आल्यावरच बघाल, तर तो तुम्हाला कायम लोळतानाच दिसणार. एकदा पहाटे साडेपाचला उठून बघा. हो, उठा. रील्स नंतर बघा.

आता फरशी. आपल्याकडे नवीन घर बांधलं की चकचकीत टाईल्स आल्याच. कुत्र्यामांजराच्या पंजाखाली गादी असते, सशाच्या पंजाखाली फक्त केस. टाईल्सवर त्याचे पाय घसरतात, म्हणून तो एका पायपुसण्यावर बसून राहतो आणि आपण म्हणतो किती शांत आहे बिचारा! त्याच्या बाजूनं ते बेट आहे आणि चारी बाजूंना पाणी. मी काय केलं, तर जुनी सतरंजी, गोधडी आणि तागाचा बारदाना असे तुकडे टाकून पलंगाखालून दारापर्यंत रस्ताच केला. दोन-तीन दिवसांत मठ्ठा त्या रस्त्यावरून पळायला लागला. प्लास्टिकचं पोतं मात्र नको. ते तो कुरतडतो, आणि पोटात गेलेला धागा बाहेर येईलच असं नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा तर नकोच. तळव्यांना जखमा होतात.

आणि हो, खेळायला तुम्हीही खाली बसा. सशाला आजूबाजूचं, मागचं, वरचं जवळपास सगळं दिसतं. नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. वरून झेपावणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घार.

त्याचा खरा खेळ म्हणजे खाणं शोधणं. वाटीत दाणे ओतले की पाच मिनिटांत काम संपलं, मग उरलेला दिवस त्यानं करायचं काय? म्हणून खाणं लपवा. खोक्याला दोन दारं कापा, आत सुकं गवत कोंबा. कागदाच्या गोळ्यात दोन-चार दाणे गुंडाळा. माझी आवडती युक्ती म्हणजे सांभाराची जुडी कपड्याच्या चिमट्यानं खाली बांधलेल्या दोरीला लटकवायची, अशी की त्याला मागच्या पायांवर उभं राहावं लागेल. (पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचा नव्हे.) पेरूची किंवा तुतीची फांदीही द्या. त्याचे दात जन्मभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर.

खाण्याचा मोठा भाग सुकं गवतच हवं. गाजर म्हणजे पेढा समजा, छोटी चकती पुरे. कुसळीचं गवत आणलंत तर कुसळं तोंडात टोचतात. गाईसाठी आणलेली सरकीची ढेप अजिबात नाही. सरकीतला गॉसिपॉल रवंथ करणाऱ्या गाईला बराच पचतो, सशाला नाही. आणि कपाशीच्या धुऱ्यावरचं हिरवंगार गवत कापून आणू नका. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध वाऱ्यानं धुऱ्यावरही जातं. सशाचा जीव दीड-दोन किलोचा.

उन्हाळ्याचं गणित पूर्ण वेगळं. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या घरात जातो आणि सशाला तिशीपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. तेव्हा दुपारी तो पडून असेल तर शहाणा आहे, त्याला उठवू नका. जुना मातीचा माठ ओला करून आडवा ठेवा, आत शिरून बसेल. बर्फाची बाटली सुती कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, कारण कूलरचा भरवसा लाईट असेपर्यंतच. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर साध्या पाण्यानं कान ओले करा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आळशी ससा आणि आजारी ससा लांबून सारखेच दिसतात. मजेत असलेला अंग सैल सोडून लांब पसरतो. दुखणारा अंग आकसून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धे मिटतो, कधी दात करकर वाजवतो. खात्री करायची तर लेंड्या बघा. लहान झाल्या, कमी झाल्या, बंद झाल्या, म्हणजे आतडी थंडावली. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, तर "उद्या बघू" म्हणू नका. उद्यापर्यंत ससा जाऊ शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांचा रोजचा संबंध गाई-बैल-शेळ्यांशी, म्हणून निवांत वेळीच विचारून ठेवा की ससे कोण बघतं. जवळ कुणी नसेल तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन स्वतःच्या मनानं पाजू नका. पोटातून गेलं की ते सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं, त्यात जीव जातो.

दुसरा ससा आणावा का, हेही खूप जण विचारतात. सोबत आवडते त्याला, पण नसबंदीआधी नाही. दोन "बहिणी" म्हणून आणल्या आणि महिन्यानं घरात आठ झाले, असं होतं. सशाचे दिवस भरायला एकतीसच दिवस लागतात!

शेतात तुरीच्या ओळीत सापडलेलं पिल्लू मात्र घरी आणू नका. तो रानससा, जातच वेगळी. हातात गप्प बसतो तो भीतीनं गोठून. वन्यजीव कायद्यानं त्याला पाळणं गुन्हा आहे. उचलला असेल तर तिथंच ठेवून या. आई संध्याकाळी दूध पाजायला येते.

तर वणीच्या दादा, आज दिवस कलला की दोरीला सांभार लावा आणि मोबाईल जमिनीवर टेकवून व्हिडिओ सुरू ठेवा. हवेत उडी मारून त्यानं कंबर वळवली, तर त्याला बिंकी म्हणतात. तो तुकडा मला नक्की पाठवा. मठ्ठ्यालाही दाखवते.