घरांतील छायाचित्रांची ठेव

हावडा-नागपूर लोहमार्गावर, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, दरेकसा हें डोंगराळ रानांतील एक लहानसें स्थानक आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास जवळच्या कचारगडच्या गुहांकडे जाणारे गोंड यात्रेकरू निरनिराळ्या राज्यांतून येथें येतात. पूर्वी यात्रा डोळ्यांत साठवून माणूस घरीं परते. आतां ती मोबाइलमध्येंहि साठते. नातवंडांच्या हाताला धरून गड चढलेली आजी पुढच्या यात्रेपर्यंत राहिली नाहीं, तर तिचें तेथें घेतलेलें छायाचित्र हीच घराची मोठी ठेव होते. आणि ती ठेव दगडावर आपटलेल्या एका मोबाइलबरोबर नाहींशी होऊं शकते. जुनीं छायाचित्रें काळवंडत, पण पेटींत सांपडत. नवीं काळवंडत नाहींत. तीं एक तर जशींच्या तशीं असतात, नाहीं तर मुळींच नसतात.

अशा छायाचित्रांसाठीं घरांतच एक कोठी बाळगणें आतां बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबालाहि शक्य झालें आहे. या साधनाला 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' किंवा थोडक्यांत 'नॅस' म्हणतात. ही एक लहान पेटी असते. तिच्यांत एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसवितात व ती तारेनें घरच्या राउटरला जोडतात. घरांतील कोणाचाहि मोबाइल वायफायच्या टप्प्यांत आला, कीं त्यांतील नवीं छायाचित्रें आपोआप पेटींत उतरतात. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली व १५ गिगाबाइटच्या पुढें पैसे मोजण्याची पाळी आली. घरच्या कोठीचा विचार करण्यास तें एक कारण झालें.

खरेदीपूर्वीं पहिला प्रश्न जागेचा. एक छायाचित्र सरासरी चार मेगाबाइटचें धरलें, तर एक लक्ष छायाचित्रांना ४०० गिगाबाइट पुरतात. जागा खरी खातात तीं चलच्चित्रें. चांगल्या दर्जाच्या एका मिनिटाला शंभरापासून चारशे मेगाबाइटपर्यंत लागतात. म्हणून आजची गरज मोजावी व तिची तिप्पट धरावी. चार माणसांच्या घराचें दोन ते चार टेराबाइटमध्यें बहुधा कांहीं वर्षें भागतें. जेथें इंटरनेट मंद आहे तेथें घरच्या पेटीचा आणखी एक लाभ होतो. सेकंदाला दहा मेगाबिट या वेगानें ४०० गिगाबाइट बाहेर पाठवावयाचे, तर जवळजवळ चार दिवस अखंड लागतात. घरांतल्या घरांत, तारेनें, तेंच काम एक-दोन तासांत उरकतें.

दुसरा प्रश्न पेटीचा. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या तयार पेट्या बहुधा रिकाम्या विकल्या जातात. डिस्कचा खर्च निराळा, हें किंमत पाहतांना विसरूं नये. त्या एका डिस्कच्या, दोन डिस्कच्या व त्याहून मोठ्याहि मिळतात. ज्याला खटपटीची हौस आहे त्याला जुन्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही विनामूल्य प्रणाली बसवून हेंच काम साधतां येतें. छायाचित्रें माणसांप्रमाणें व तारखांप्रमाणें लावून देणारी इम्मिच नांवाची मोफत व्यवस्थाहि उपलब्ध आहे. यांत पैसा वांचतो, पण वेळ द्यावा लागतो. आणि ती जाणणारा एकुलता माणूस परगांवीं गेला, कीं घर अडतें.

काटकसर करावयाची ती वेगवान प्रोसेसरवर आणि चार-चार डिस्कांच्या जागेवर करावी. छायाचित्रें राखण्यास त्यांची जरुरी नसते. डिस्क मात्र पारखून घ्यावी. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' मालिकेंतील कांहीं डिस्कांत 'एसएमआर' पद्धत वापरली असल्याचें २०२० सालीं उघड झालें. या पद्धतींत मजकुराच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकींवर चढविलेल्या असतात. त्यामुळें कमी जागेंत अधिक मजकूर मावतो. परंतु एक पट्टी बदलावयाची झाली, कीं शेजारच्याहि पुन्हां लिहाव्या लागतात व काम रखडतें. म्हणून दुकानांत 'सीएमआर' पद्धतीचीच डिस्क मागून घ्यावी.

आतां मुख्य मुद्दा. दोन डिस्कांच्या पेटींत तोच मजकूर एकाच वेळीं दोन्ही डिस्कांवर लिहिण्याची सोय असते. तिला 'मिररिंग' म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सर्व शाबूत राहतें. एवढ्यावरून पुष्कळांची समजूत होते कीं, आपल्यापाशीं राखीव प्रत आहे. ती समजूत चुकीची आहे. नातवानें चुकून एक कप्पा पुसला, तर तो त्याच क्षणीं दोन्ही डिस्कांवरून जातो. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार संस्थेंत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्याचा बराच भाग पुसला गेला, आणि राखीव प्रतहि निकामी निघाली. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेनें तान्ह्या मुलामुळें घरून काम करण्यासाठीं एक प्रत घरीं नेली होती. तिच्यामुळें काम सावरलें.

दूर ठेवलेल्या प्रतीचें महत्त्व महाराष्ट्रालाहि अपरिचित नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली व त्या फिल्म जळून गेल्या. ज्या चित्रपटांची प्रत अन्यत्र होती, तेच त्या हानींतून वांचले. म्हणूनच जाणकार सांगतात कीं, प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक परठिकाणीं असावी. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनीं हा नियम रूढ केला. दरेकसासारख्या ठिकाणीं त्याचा अर्थ पावसाळ्यांत सहज उमजतो. पेटी व तिच्या शेजारची राखीव डिस्क हीं दोन्ही एकाच तारेला लागलेलीं असलीं, तर विजेचा एक तडाखा दोहोंनाहि पुरतो.

आणखी एक धोका बाहेरून येतो. परगांवांतून छायाचित्रें पाहतां यावीं म्हणून पेटी इंटरनेटला उघडी ठेवण्याचा मोह होतो. जून २०२१ मध्यें वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्यांवर इंटरनेटवरून हल्ला झाला व अनेकांचा सारा संग्रह पुसला गेला. त्या पेट्यांच्या प्रणालीची शेवटची सुधारणा २०१५ सालीं झाली होती. तात्पर्य, कंपनी किती वर्षें सुधारणा पुरविणार आहे हें खरेदीच्या वेळींच विचारावें, सुधारणा बंद झालेली जुनी पेटी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, आणि अगत्याचें कारण नसेल तर पेटी घरापुरतीच ठेवावी.

विजेचा खर्च फारसा नाहीं. पेटी वीस वॅट घेते असें धरलें, तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट होतात. मात्र लिहिणें चालूं असतां वीज गेल्यास मजकूर बिघडण्याची भीति असते. यासाठीं एक लहान यूपीएस जोडावा.

या साऱ्याचा हिशेब मांडला, तर सुरुवातीला उदाहरण म्हणून घेतलेल्या घराला महागडी पेटी नको. एका डिस्कची साधी पेटी व बाहेरून जोडावयाच्या दोन स्वतंत्र डिस्क त्याला पुरेत. एका डिस्कवर दर आठवड्याला प्रत घ्यावी व ती काढून कपाटांत ठेवावी. दुसरी नागपुरास नोकरी करणाऱ्या मुलीकडे असावी. दिवाळीला व माघी यात्रेला ती घरीं येईल, तेव्हां दोन्ही डिस्कांची अदलाबदल करावी. दोन डिस्कांची पेटी घेऊन नागपूरची प्रत टाळण्यापेक्षां हा मार्ग अधिक भरंवशाचा आहे.

शेवटीं एक काम उरतें. वर्षांतून दोनदां, त्या अदलाबदलीच्याच दिवशीं, नागपूरहून आलेल्या डिस्कवरील निरनिराळ्या वर्षांचीं दहा छायाचित्रें उघडून पाहावीं. त्यांत आजीचें एक असावें. तीं उघडलीं, तर प्रत आहे असें म्हणावें. न उघडलीं, तर मूळ छायाचित्रें पेटींत शाबूत असतांनाच नवी प्रत घेण्यास अवधि मिळतो.